बाकीचे तिघे ठीक आहेत

११ जानेवारी

शेंड्या,

मधला गेला. चार दिवस कण्हत होता, परवा तर दात वाजवल्यासारखं टकटक टकटक करत होता, आणि काल सकाळी हात लावून बघितला तर गार.

बाकीचे तिघे ठीक आहेत. पण मला धास्ती बसलीय, म्हणून सगळं बंद करून ठेवलंय. तू इथं असतास तर वेळेवर काहीतरी केलं असतंस. आता पुढं काय करायचं ते लगेच कळव. माझी तर हात लावायची हिंमत होत नाही.

तुझी
ताई

१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पाण्याच्या टँकरबरोबर टपाल येतं इथं, दहा-बारा दिवसांतून एकदा. फोन लागत नाही हे तुला माहीत आहे. म्हणजे आपला मधला जाऊन नऊ दिवस झाले आणि मी नऊ दिवस इथं जेवत होतो, झोपत होतो, मुकादमाला वेड्यावाकड्या नकला करून हसवत होतो.

पत्र वाचलं आणि पंप बंद केला. पंप बंद करायचा मला अधिकार नाही. पण त्या घरघरीत माझं मलाच ऐकू येईना. बंद केल्यावर इतकं गप्प झालं की परत चालू केला. इथं चारही बाजूंना सपाट जमीन आहे, मधून पाइपलाइन जाते, आणि तिच्यावर हे एक पंपघर. मी, मुकादम आणि एक स्वयंपाकी. स्वयंपाकी बहिरा आहे. त्याला सांगितलं, "माझा भाऊ गेला." तो म्हणाला, "कुठं गेला?" मग मी कुणाला सांगितलं नाही.

लगेच निघावं असं वाटलं. पण नऊ दिवसांनी येऊन काय करू? अण्णांच्या वेळीही मी आलो नाही. आता मधल्याच्या वेळी कुठल्या तोंडानं दारात उभा राहू? आणि ताई, तोंडाचं कारण वेगळंच आहे. ते आज लिहून टाकतो. तो असेपर्यंत लिहायचं धाडस झालं नाही, यातच माझी लायकी कळते.

सहा वर्षांपूर्वी मी घर सोडलं, त्याच दिवशी अण्णांच्या यंत्रातली, घरचे आवाज-फोटो साठवायच्या त्या पेटाऱ्यातली, एक डिस्क नाहीशी झाली. अण्णांनी मधल्याला धरलं, कारण त्यानं त्याआधी त्यांची सायकल विकली होती. "सायकल पचली, आता यंत्र खायला लागलास," असं म्हणाले म्हणे. तूच मला नंतर सांगितलं होतंस. तो उलटून एक शब्द बोलला नाही, असंही सांगितलंस.

ती डिस्क मी काढली होती.

वाट दिसेल तिकडं जायचं होतं, आणि वाटखर्चाला विकण्यासारखं घरात दुसरं काही दिसलं नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या उस्तादानं चालते का बघायला ती जोडली आणि पहिलीच फाइल उघडली. दुकानभर अण्णांचा आवाज. "थोरली?" मग तुझा, "हजर." "मधला?" "हजर." "शेंडेफळ?" आणि माझा किरटा आवाज, "हजर." "आठवड्यात काय केलं?" "काही नाही."

आठवतं ना, दर रविवारी सकाळी चहा प्यायच्या आधी ते माईक पुढं करायचे. शाळेत घंटा वाजवणारा शिपाई, पण हजेरीचा हव्यास हेडमास्तरांपेक्षा जास्त. आपण हसायचो. उस्ताद हसला नाही. त्यानं डिस्क काढली, फडक्यात गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू हे विकायला आणलेलं नाहीस. उद्यापासून कामाला ये." तिथंच मी डिस्कचं काम शिकलो. तेवढंच काय ते शिक्षण. मग तिथंही मन रमलं नाही, पुढं गेलो, त्याच्याही पुढं गेलो, आणि आता इथं.

डिस्क अजून माझ्या पेटीत आहे. अण्णांच्या अक्षरातली चौकटीच्या कागदाची पट्टी तशीच चिकटलेली. त्यावर 'मधला'.

शेवटी काही बोलला का तो माझ्याबद्दल? आणि अजून एक. मी गेल्यावर अण्णा रविवारी माझं नाव घ्यायचे का? का पटावरून कमी केलं? तू सासरी होतीस, मला माहीत आहे. पण मधला तिथंच होता. त्यालाच विचारायचं होतं. सहा वर्षं तेवढंच विचारायचं होतं.

शेंड्या

२ फेब्रुवारी

अरे गाढवा,

मधला जिवंत आहे! इथं समोर बसून भेंडी चिरतोय आणि मी काय लिहितेय ते बघायला मान लांब करतोय.

गेला तो अण्णांच्या यंत्रातला मधला, तू नेलेल्याच्या जागी त्यांनी नंतर बसवलेला. डिस्क! आधीच्या पत्रात मी सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, की दोन नंबरचा दिवा लाल झालाय, यंत्र कण्हतंय, काय करू. ते पत्र तुला मिळालंच नाही वाटतं. पण डोकं वापरशील की नाही? 'बाकीचे तिघे ठीक आहेत' लिहिलं होतं मी. आपण भावंडंच तीन. एक गेला तर तिघे उरतील कसे?

आता ऐक, तुझं पत्र कुणी वाचलं ते. माझे हात कणकेत होते. मी म्हटलं, "शेंड्याचं पत्र आलंय, वाच रे मोठ्यानं." वाचायला मधलाच.

पहिल्या चार ओळींना इतका हसला की खुर्चीवरून पडायच्या बेतात. "ताई, मी गेलोय. भेंडी कशाला आणलीस, मला सुतक असेल." बहिऱ्या स्वयंपाक्याचं तर दोनदा वाचून दाखवलं. मग सायकलपाशी आला आणि आवाज बारीक झाला. 'ती डिस्क मी काढली होती' हे त्यानं मोठ्यानं वाचलं. पुढचं सगळंही मोठ्यानंच वाचलं, एक शब्द गाळला नाही. मग कागद घडी करून डब्याखाली ठेवले, चपला घातल्या आणि गेला. मी कणीक मळतच राहिले. काय करणार? संध्याकाळी आला आणि म्हणाला, "भेंडी आहे ना अजून?"

तुझ्यावर रागावलाय का, मला कळत नाही. त्याचं कळलंय कधी कुणाला? अण्णा गेल्यावर दोन वर्षं या घरात एकटाच राहतो. मी महिन्यातून पाच-सहा दिवस येते तेव्हा घरात माणसाचा आवाज होतो. यंत्र मात्र त्यानं कधी बंद केलं नव्हतं. त्याच्या खोलीत तेवढीच घरघर असायची. आता मी बंद केलंय, तर म्हणतो झोप लागत नाही.

पटाचं मी विचारलं त्याला. "अण्णा शेंड्याचं नाव घ्यायचे का रे?" तर म्हणाला, "यंत्राला विचार." रविवारच्या सगळ्या फायली त्या मधल्यावरच आहेत म्हणे, आणि तोच मेलाय. तेव्हा आता तूच सांग काय करायचं. मी रागावलेय तुझ्यावर, ते नंतर सविस्तर लिहीन.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

तुझं ते पहिलं पत्र काल मिळालं. टँकरवाल्याच्या सीटखाली होतं, त्यावर तो महिनाभर बसला होता.

मला काय वाटलं ते लिहीत नाही. 'मधला जिवंत आहे' एवढं वाचलं आणि बाहेर जाऊन पाइपलाइनवर बसलो. मुकादमाला वाटलं, ऊन लागलं. त्यानं डोक्यावर पाणी ओतलं. ओतू दिलं.

आता काम. नीट वाच, आणि हात मधल्यालाच लावू दे, तू फक्त वाचून दाखव.

घाबरायचं कारण नाही. अण्णांनी यंत्र बांधलंच असं आहे. थोरली, मधला, शेंडेफळ या तीन डिस्कवर सामान. चौथीवर पट्टी आहे 'आई'. तिच्यावर स्वतःचं काहीच नाही, नुसती तिघांची बेरीज. तिघांतला एक गेला, की आईच्या बेरजेतून उरलेल्या दोघांना वजा करायचं. जे शिल्लक राहतं, तोच गेलेला. यंत्र हे आपोआप करतं, त्याला फक्त लिहायला एक धडधाकट कोरी डिस्क द्यायची.

ती मी पाठवतोय. हो, तीच. टँकरवाल्याजवळ दिलीय, माझ्या दोन पायमोज्यांत गुंडाळून. मोजे धुतलेले आहेत, मधल्याला सांग. तो तालुक्याच्या गावातून कुरिअर करेल.

पण आधी तिच्यातलं जुनं सगळं मधल्याच्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. यंत्र तिला पुसूनच पुढं लिहितं. पुसून बहुतेक तेच लिहील, पण बहुतेकवर मी सोडणार नाही.

मग यंत्र बंद असताना दोन नंबरची मेलेली काढायची, ही बसवायची. बसवण्याआधी यंत्राच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली वीज उतरते. बाकीच्या तिघांना हलवायचंसुद्धा नाही. टेबलाला धक्का नको. तीसेक तास लागतील. तेवढा वेळ यंत्राला दुसरं काही विचारायचं नाही, गाणं नाही, फोटो नाही. आणि पंखा लावा त्याच्यावर.

भीती एकच आहे. शेंडेफळ सगळ्यात जुनी. अण्णांनी ती शाळेच्या भंगारातून आणली होती. हे चालू असताना तिनं दगा दिला, तर वजाबाकी चुकते. दोघं गेले तर आईलाही काही करता येत नाही.

झालं की मी गेल्यानंतरचा पहिला रविवार उघडा. मला दुसरं काही नको. नाव घेतलं का नाही, एवढंच.

पेटीत तिची जागा आता रिकामी आहे. रोज उघडून बघत नव्हतो, पण आहे हे माहीत असायचं.

शेंड्या

६ मार्च

शेंड्या,

झालं. पण सगळं नाही. क्रमानं सांगते.

डिस्क पोचली. मधल्यानं मोजे हुंगले आणि "धुतलेले म्हणे" एवढंच म्हणाला. पट्टी बघितली, अंगठ्यानं पुसली. तू सांगितलंस तसं आधी उतरवून घेतलं. मग जुनी काढली, ही घातली, आणि यंत्राच्या पुढं खुर्ची टाकून बसला. मी म्हटलं, तीस तास बसणार का? तर म्हणाला, "पंखा धरायला कुणीतरी हवं." पंखा टेबलावर होता, शेंड्या. धरायची काहीच गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ टक्के झाले आणि शेंडेफळ बोलायला लागली. टक. मग गप्प. मग टक टक. आकडा तिथंच अडकला, अर्धा तास साठावर. मी तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यात याचा इलाज नव्हता. मधल्यानं शेंडेफळच्या बाजूनं पत्र्यावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा, आणि तिला म्हणाला, "आता तू नको रे." मला त्याचा असा आवाज माहीत नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले.

एकसष्ट झाले. मग धावत सुटलं.

संध्याकाळी दिवे चारही हिरवे. पण यंत्रानं यादी दिली, सतरा फायली नीट उतरल्या नाहीत. शेंडेफळ अडखळली तिथं वजाबाकी चुकली. बाकी सगळे रविवार आहेत, जवळजवळ चार वर्षांचे. सतरांतला एक तू मागितलेला. तू गेल्यानंतरचा पहिला. उघडला तर नुसती खरखर, आणि शेवटी कप खाली ठेवल्याचा आवाज.

मी रडले. मधला म्हणाला, "त्यात काय, मी होतो ना तिथं. मी लिहितो त्याला." शाळा सुटल्यापासून त्यानं दोन ओळी लिहिल्या असतील तर शपथ. सोबतचा कागद त्याचा आहे, मी वाचलेला नाही. वाचलेल्या रविवारांचा पेनड्राइव्हही त्यानंच घातलाय.

शेंडेफळची डिस्क आता बदलायला हवी, असं तोच म्हणतो. पण काढत नाही.

ताई

(सोबतचा कागद)

शेंड्या,

ताईनं यंत्राचं लिहिलंच असेल. मी त्या रविवारचं लिहितो.

अण्णा माझ्याशी बोलत नव्हते, पण हजेरी घेतली. थोरली म्हणाले, आणि स्वतःच म्हणाले, "सासरी. परवानगीनं गैरहजर." मधला म्हणाले. मी हजर म्हटलं. काय केलं ते विचारलं नाही. मग शेंडेफळ म्हणाले. आणि थांबले. माईक तुझ्या खुर्चीकडं धरून थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही, चहा गार झाला.

ते बघवेना, म्हणून मी हजर म्हटलं.

ते म्हणाले, "आधी डिस्क चोरलीस, आता खोटी हजेरी लावतोस?" आणि कप आपटला. ताईला ऐकू आला तो कप तोच.

पुढच्या रविवारी परत थांबले. मी परत हजर म्हटलं. त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढचं तू ऐक.

डिस्क तू नेलीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. यंत्राचे चारही स्क्रू परत नीट बसवलेले होते. मी काहीही उघडलं की एक स्क्रू उरतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अण्णांनाही कळलं असणार. मग मला का बोलले, असं मी पुष्कळ दिवस मनात धरलं होतं. कुणाला तरी बोलायचं होतं आणि समोर मी होतो, एवढंच असेल. तू समोर असतास तर तुला बोलले असते.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी मेल्यावर लिहिलंस तेवढं नडलं.

या वेळीही एक स्क्रू उरलाय.

मधला

२० मार्च, रविवार

दादा,

जन्मात पहिल्यांदा तुला दादा लिहितोय, हसू नको. मधला म्हटलं की यापुढं मला आधी डिस्कची नाडी बघावी लागेल.

पेनड्राइव्ह ऐकायला इथं काही नाही. फक्त टँकरच्या केबिनमध्ये गाण्यांसाठी एक खोबण आहे. टँकरवाल्याला म्हटलं, थोडा वेळ दे. पाणी रिकामं होईपर्यंत दिला. इंजिन बंद, काचा वर, आणि आम्ही दोघं.

अण्णा म्हणाले, "शेंडेफळ?" आणि तू म्हणालास, "हजर." टँकरवाल्यानं विचारलं, "शेंडेफळ कोण?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "हा आवाज तुझा नाही." मी म्हटलं, "नाही. पण हजर मीच आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सुपारीचा डबा पुढं केला.

पाचव्या का सहाव्या रविवारी अण्णांनी पहिल्यांदा विचारलं, "आठवड्यात काय केलं त्यानं?" तू म्हणालास, "दुकानात लागलाय. यंत्रं दुरुस्त करतो." दादा, तुला कसं माहीत होतं? का ठोकून दिलंस? मी खरंच तेव्हा उस्तादाकडं होतो. मग दर रविवारी तू माझं काहीतरी सांगत गेलास. ताप आला होता, उतरला. नवे बूट घेतले. एकदा तू मला पोहायला शिकवलंस. मला अजून पोहता येत नाही, पण अण्णा "बरं" म्हणाले ते इतकं मनापासून म्हणाले, की आता शिकावं लागेल.

आणि पुढं पुढं त्यांनी काय केलं ते विचारणंच सोडलं. फक्त, "शेंडेफळ?" "हजर." "जेवला का?" "जेवला." शेवटच्या रविवारी त्यांचा आवाज अर्धा झालाय, तुझं नाव घेताना ते खोकतात, माझं घेताना खोकत नाहीत. "जेवला का?" तू म्हणालास, "जेवला, अण्णा." पुढं काही नव्हतं. पेनड्राइव्ह फिरून पहिल्या रविवारच्या खरखरीवर आला, आणि तो कप. टँकरवाल्यानं बंद करायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे, हेही आमच्याच घरचं आहे.

टँकर गेल्यापासून दोन दिवस झाले. इथं तसंच आहे. पंप, सपाट जमीन. पण मला सारखं वाटतंय की सहा वर्षं मी दोन ठिकाणी होतो, आणि त्यातल्या त्यात बरा जगलो तो तुझ्याकडंच.

यापुढं खोटी लावू नकोस. मीच लावतो.

शेंडेफळ. हजर.

आठवड्यात काय केलं: दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग बदललं, स्क्रू एकही उरला नाही. सुट्टीचा अर्ज दिलाय. मुकादम म्हणतो मिळेल, वरून होकार पुढच्या टँकरबरोबर येईल. शेंडेफळची डिस्क मी येईपर्यंत काढू नकोस, नवी मी घेऊन येतो. तोवर तिच्यावर पंखा राहू दे. धरायची गरज नाही.

जेवलो नाही अजून. स्वयंपाक्यानं कधीची थाळी वाजवलीय. त्याला वाटतं मी बहिरा आहे. जातो, आणि मग येऊन पाकीट चिकटवतो.

जेवलो.

शेंड्या